बाडेन-बाडेनच्या जंगलात पळायचंय? मग खालून वर, एकेक पायरी चढत जा

कार्ल्सरूह, श्टुटगार्ट, वाल्डॉर्फ या पट्ट्यात राहणारी आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि त्यातले बहुतेक जण एकदा तरी बाडेन-बाडेनला जाऊन आलेले असतात. कसिनो बाहेरून बघायचा, गरम पाण्यात डुंबायचं, ब्लॅक फॉरेस्ट केक खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ते सगळं छानच आहे, पण मला दरवेळी सांगावंसं वाटतं की अहो, जरा मान वर करून डोंगराकडे बघा. या शहराच्या हद्दीतली निम्म्याहून जास्त जमीन जंगल आहे, मधल्या चौकातून निघालात तर पंधरा मिनिटांत डोक्यावर झाडी येते, आणि त्या झाडीतून पळायला जे रस्ते आहेत तसे मी आजवर दुसरीकडे बघितलेले नाहीत.

मी पुण्याचा, तळजाईवर पळायला शिकलो, आता कार्ल्सरूहला असतो आणि गेली काही वर्षं जमेल त्या रविवारी तिथे पळायला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा थेट सगळ्यात उंच दिसणारा डोंगर धरला, सपाटीवर पळतो त्याच वेगाने, आणि उतरताना गुडघा असा धरला की पुढचे तीन आठवडे जिना उतरताना कठडा पकडावा लागत होता. त्यामुळे नवीन कोणी विचारलं की मी एकच गोष्ट सांगतो: हे जंगल खालून वर शिका. आधी नदीकाठ, मग ओढ्याचं खोरं, मग किल्ला आणि कडे, मग मेर्कुर नावाचा डोंगर, आणि शेवटी हजार मीटरवरचं रान. घाई केली नाही तर साधारण चार-पाच महिन्यांत सगळं होतं. खाली त्याच क्रमाने लिहिलंय.

जायचं कसं, कधी

कार्ल्सरूहहून रिजनल ट्रेनने साधारण अर्धा तास लागतो, डॉइचलांडटिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर त्यातच येतं, फक्त चुकून आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाडीत बसू नका, त्यात ते चालत नाही. एक गोष्ट नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते ती म्हणजे बाडेन-बाडेनचं स्टेशन गावात नाहीये, ते ओस नावाच्या भागात आहे आणि तिथून मूळ गाव चार-पाच किलोमीटर आत. स्टेशनबाहेरून बस मिळते, लेओपोल्ड्सप्लात्सला उतरायचं, गावाचा मधला चौक तोच.

रविवारी जर्मनीत सुपरमार्केट बंद असतात हे आता सगळ्यांना माहीत आहे तरी सकाळी सातला स्टेशनवर उभं राहून आठवतं की खायला काहीच घेतलेलं नाही. शनिवारीच पिशवी भरून ठेवा. मी राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की नेतो, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं आणि मला तरी ते कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा जास्त मानवतं, शिवाय थंडीत चिक्की कडक झाली तरी खाता येते. पाण्यात लिंबू, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर.

सीझनचं म्हणाल तर एप्रिलअखेर ते जूनमध्यापर्यंत आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात चांगले दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये ऱ्हाइनच्या खोऱ्यात उकाडा असतो, तेव्हा सकाळी लवकर किंवा सरळ वरच्या भागात जा. डिसेंबरमध्ये साडेचारलाच सूर्य मावळतो आणि दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो, म्हणून हिवाळ्यात दुपारी दोननंतर नवीन रस्ता सुरू करायचा नाही हा माझा स्वतःपुरता नियम आहे आणि तो मी मोडत नाही.

किलोमीटर मोजू नका, चढ मोजा

गाव समुद्रसपाटीपासून १७० मीटरच्या आसपास, जुना किल्ला ४०० च्या जवळ, मेर्कुर ६६८ आणि बाडेनर ह्योहे नावाचा माथा १००२. म्हणजे गावातून मेर्कुरला जायचं तर जवळजवळ ५०० मीटर चढ, सिंहगड पायथ्यापासून चढलात तर जेवढा दम लागतो त्याच्या थोडाच कमी.

इथले डोंगरातले लोक एक साधा हिशेब वापरतात तो पाठच करून ठेवा: प्रत्येक १०० मीटर चढाला १ किलोमीटर जास्तीचा धरायचा. रस्ता १० किलोमीटर आणि चढ एकूण ४०० मीटर असेल तर तो १४ किलोमीटरचा समजायचा. तुम्ही सपाटीवर ७ मिनिटांना एक किलोमीटर पळत असाल तर ९८ मिनिटं, म्हणजे थांबणं, फोटो, पाणी धरून दोन तास हातात ठेवायचे. हा हिशेब केला की ट्रेन चुकत नाही, पाणी कमी पडत नाही, आणि घड्याळातला पेस बघून जीव खाली-वर होत नाही.

चढावर चाला. खरंच चाला. लहान पावलं, हात मांडीवर, श्वास नाकातून घेता येईल इतका वेग. इथे वर्षानुवर्षं पळणारे साठीतले लोक बघितलेत मी, चढ आला की शांतपणे चालायला लागतात आणि माथ्यावर आपल्या आधी पोचलेले असतात. उतारावर उलटं, तिथे लोक ब्रेक मारत टाचांवर उतरतात आणि गुडघ्याची वाट लावून घेतात. उतारावर पावलं अजून लहान आणि पटापट टाकायची, नजर तीन-चार मीटर पुढे, हात थोडे बाहेर, शरीर मागे झुकू द्यायचं नाही.

खुणा वाचायला शिका

श्वार्त्सवाल्डमधल्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधल्या, पायवाटांच्या खुणा हे एक फार सुंदर काम आहे, श्वार्त्सवाल्डफेराइन नावाची जुनी संस्था आणि तिचे स्वयंसेवक ते करतात. खूण म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट. पिवळं शंकरपाळं म्हणजे जवळपासची वाट, निळं म्हणजे दोन भाग जोडणारी लांबची, आणि लाल असेल तर मोठी पल्लेदार वाट. त्यातली सगळ्यात नावाजलेली वेस्टवेग, फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत २८५ किलोमीटर, १९०० साली आखलेली. फाट्यांवर जे खांब असतात त्यावर त्या जागेचं नाव आणि उंची लिहिलेली असते. प्रत्येक खांबापाशी थांबून नाव वाचा, शक्य तर फोटो काढा, कारण उद्या कोणाला फोन करून कुठे आहे ते सांगायची वेळ आली तर तेच नाव कामाला येतं.

शिवाय जंगलात ठिकठिकाणी हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि एक नंबर दिसेल, त्याला रेटुंग्सपुंक्ट म्हणतात. ११२ ला फोन लावून तो नंबर सांगितला की रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते ते त्यांना लगेच कळतं. खोऱ्यांमध्ये नेटवर्क जातं, म्हणून कोमूट किंवा जे काही ॲप वापरता त्यात नकाशा घरूनच डाऊनलोड करून घ्या, फोन पूर्ण चार्ज, थंडीत तो आतल्या खिशात अंगाला चिकटून ठेवा.

पहिली पायरी: नदीकाठची वाट

‘लिश्टेनटालर आले’ (Allee) म्हणजे ओस नदीच्या काठाने जाणारा जुन्या झाडांखालचा रस्ता, थिएटरपासून लिश्टेनटालच्या मठापर्यंत सुमारे सव्वादोन किलोमीटर. जाऊन-येऊन साडेचार-पाच किलोमीटर, अजिबात चढ नाही म्हटलं तरी चालेल. हे जंगल नाही, बाग आहे, पण पहिले दोन-तीन रविवार इथेच घालवा. मार्चमध्ये गवतात क्रोकसची जांभळी-पांढरी फुलं अशी उगवतात की हिरवं दिसत नाही. टोकाला सिस्टर्सियन जोगिणींचा मठ आहे, १२४५ साली स्थापन झालेला, त्याच्या अंगणात दोन मिनिटं शांत उभं राहून मग परत फिरा.

२०२१ साली युनेस्कोने युरोपातली अकरा जुनी स्पा शहरं मिळून एक जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात बाडेन-बाडेन आहे, आणि जुन्या काळी गरम पाण्याच्या उपचारात चालणं हा भागच असायचा, लोक सकाळी पाणी प्यायचे, चालायचे, मग स्नान. म्हणजे आपण जे करतोय ते इथे दोनशे वर्षं चाललंय, फक्त आपण जरा जोरात करतोय.

दुसरी पायरी: गेरोल्ड्साउचा धबधबा

मठापासून पुढे दक्षिणेला गेलं की गेरोल्ड्साउ. हवं तर तिथवर बसने जा. वस्ती संपते तिथून ग्रोबाख नावाच्या ओढ्याकाठाने वाट आत शिरते, धबधब्यापर्यंत साधारण दीड-दोन किलोमीटर, चढ इतका हळूहळू की लक्षात येत नाही. धबधबा फार उंच नाही, आपल्या सह्याद्रीतला माणूस आधी म्हणेल एवढाच का, पण मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला दोन्ही काठांनी ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो आणि गुलाबी-जांभळ्या पाकळ्या वाहत्या पाण्यात पडत असतात, दगडांच्या खाचेत अडकून गोल गोल फिरतात. माझी आई आली होती तेव्हा तिला इथे घेऊन गेलो, साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज, पूर्ण वाट चालली आणि त्या कुंडापाशी बसून म्हणाली, "अरे, हे तर आपल्या आंबोलीसारखं गार लागतंय." तेव्हापासून घरात त्या जागेचं नावच आंबोली पडलंय.

या वाटेवर मुळं शिका. फरच्या झाडांची मुळं जमिनीवर येतात आणि ओली झाली की साबण लावल्यासारखी घसरतात. नियम सोपा: मुळावर पाय ठेवायचाच नाही, ओलांडायचं, आणि ठेवावाच लागला तर आडवा न ठेवता सरळ, पूर्ण तळवा टेकवून. तीन-चार वेळा धबधब्याला जाऊन आलात की हे आपोआप यायला लागतं. मग वाट तिथेच संपत नाही, ओढ्याच्या कडेने वर जात राहते, हवी तितकी लांबवा आणि त्याच वाटेने परत या.

शूजचा विषय इथेच आटोपतो. पहिल्या पायरीला साधे रनिंग शूज चालतील, इथून पुढे ट्रेलचे, तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात असलेले, आणि पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा असलेले. उतारावर अंगठा पुढे आपटला की नख काळं होतं.

तिसरी पायरी: जुना किल्ला आणि बाटर्ट

ही माझी सगळ्यात लाडकी वाट, आणि सगळ्यात जास्त काळजीने पळायची पण हीच, कारण बाटर्टचे कडे संरक्षित निसर्गक्षेत्र आहेत.

गावातल्या नव्या राजवाड्याच्या मागून झाडीत शिरायचं आणि जुन्या किल्ल्याच्या, म्हणजे आल्टेस श्लॉसच्या पाट्या धरून चढत राहायचं. दोन-अडीच किलोमीटरचा अंगावर येणारा चढ, चाला. किल्ला म्हणजे बाडेनच्या राजघराण्याचं मूळ घर, १५९९ साली आगीत जळाला, आता उघडे दगड. आत जायला पैसे लागत नाहीत. मोठ्या दालनात एक वाऱ्यावर वाजणारी हार्प बसवलेली आहे, चार मीटरहून उंच, १२० तारांची. वारा असेल त्या दिवशी आधी काही ऐकूच येत नाही, मग छातीत काहीतरी गुणगुणतंय असं वाटतं, आणि मग कळतं की आवाज बाहेरून येतोय, तंबोरा लांबच्या खोलीत कोणी छेडत बसलंय तसा. धावत आलेला श्वास शांत व्हायला याहून चांगली जागा नाही, पाच मिनिटं बसाच.

किल्ल्याच्या मागे बाटर्ट, ५६८ मीटर उंच, दक्षिणेकडे उभे कडे. कड्यांच्या खालून एक वाट जाते आणि वरून एक, फेल्सेनवेग म्हणतात दोन्हींना, खालची उंटरर आणि वरची ओबरर. खालच्या वाटेने जा आणि वरच्या वाटेने परत या, कारण वरच्या बाजूला जे मोकळे कडे लागतात तिथून गाव, मेर्कुर आणि पलीकडे ऱ्हाइनचं मैदान दिसतं आणि ते परतीला बघायला बरं, वेळेचा ताण नसतो. गावातून गावात सगळं मिळून दहा किलोमीटरच्या आसपास, चढ ४०० मीटर धरा. वर कड्याच्या टोकाशी पळू नका. प्रत्येक ठिकाणी कठडा नाही, आणि खाली थेट खडक आहे.

आता नियम. हिरव्या काठाच्या त्रिकोणात गरुड काढलेली पाटी दिसली की समजायचं इथून राखीव क्षेत्र. वाट सोडायची नाही, शॉर्टकट नाही, फुलं-पानं तोडायची नाहीत, ड्रोन नाही, कुत्रा असेल तर पट्टा. हे नियम कागदापुरते नाहीत. या कड्यांमध्ये बहिरी ससाणा घरटं करतो. वसंतात अंडी उबवायच्या दिवसांत कड्याजवळ माणूस आला की मादी उठते, आणि मार्चच्या थंडीत अंडी उघडी राहिली की थोड्या वेळात गार पडतात, त्या वर्षीचं सगळं संपतं. म्हणून त्या काळात गिर्यारोहकांसाठीसुद्धा काही कडे बंद ठेवतात. एकदा एप्रिलमध्ये खालच्या वाटेवर मी बूट बांधायला वाकलो होतो आणि वरून एक कर्कश, तुटक, न थांबणारी हाक आली, वर बघितलं तर राखाडी पाठीचा पक्षी कड्याच्या कपारीतून सुटला आणि पंख मिटून असा खाली आला की नजर मागे राहिली. मी उठून हळू चालत तिथून निघून गेलो. तुम्हालाही तशी सतत ओरडणारी हाक ऐकू आली तर थांबून फोटो काढू नका, पुढे सरका, ती हाक आपल्यासाठीच असते.

दुसरं, बाटर्टचा बराच भाग बानवाल्ड आहे, म्हणजे तिथे लाकूडतोड करत नाहीत, झाड मेलं तरी उभं ठेवतात. किड्यांना, सुतारपक्ष्यांना, बुरशीला ते हवं असतं. पण त्याचा अर्थ असा की वाऱ्यात वाळक्या फांद्या डोक्यावर पडू शकतात. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस इकडे येऊच नका, नदीकाठी पळा.

आणि नोव्हेंबर. बीच नावाच्या झाडांची पानं गळतात आणि वाटेवर घोटाभर थर बसतो, वरून गालिचा दिसतो, खाली दगड, मुळं, खड्डे सगळं लपलेलं. मी अशाच एका संध्याकाळी वरच्या वाटेवर पाय मुरगाळून घेतला, उजेड जात होता, जो मित्र बरोबर येणार होता तो आला नव्हता, आणि एक किलोमीटर उतरायला मला पाऊण तास लागला. तेव्हापासून बॅगेत कायम असतात त्या गोष्टी: हेडलॅम्प, क्रेप बँडेज, शिट्टी, चांदीसारखी चकाकणारी पातळ इमर्जन्सी चादर, एक कोरडा टीशर्ट. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आणि घरी कोणाला तरी मेसेज, अमुक वाटेने जातोय, अमुक वाजेपर्यंत फोन करतो.

चौथी पायरी: मेर्कुर

गावाचा घरचा डोंगर. रोमन लोकांनी वर मर्क्युरी देवाला वाहिलेला दगड सापडला म्हणून हे नाव. बाटर्टच्या मागे एबरश्टाइनबुर्ग नावाची छोटी वस्ती आहे, तिथून किंवा डोंगरी रेल्वेच्या खालच्या स्टेशनपासून नागमोडी वाटा वर जातात, लालसर वाळूचा दगड पायाखाली.

मेर्कुरवर जायला १९१३ पासून दोरावर ओढली जाणारी डोंगरी रेल्वे आहे, काही ठिकाणी ५४ टक्के चढ. माझा सल्ला, पहिल्या दोन-तीन वेळा पळत-चालत वर जा आणि रेल्वेने खाली या. गुडघे उतारावर खराब होतात, चढावर नाही, आणि मांड्यांना लांब उताराची सवय लागायला वेळ द्यावा लागतो. देखभालीसाठी ती अधूनमधून बंद असते, त्या दिवशी चालू आहे ना ते घरूनच बघून निघा. वर गवतावर पॅराग्लायडिंगवाले उड्या घेत असतात, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना रेल्वेने वर पाठवा आणि तुम्ही पळत या, सगळ्यांचा रविवार चांगला जातो.

शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऱ्हाइनच्या मैदानात आठ-आठ दिवस धुकं बसतं. कार्ल्सरूहला सूर्य दिसत नाही, मन उदास होतं, आपल्यासारख्या उन्हाच्या माणसांना ते फार जाणवतं. त्या दिवशी मेर्कुरला जा. अर्ध्या चढापर्यंत ओलं पांढरं धुकं, भुवयांवर थेंब, आणि मग झाडांच्या शेंड्यांना पिवळसर रंग यायला लागतो, आणखी शंभर पावलं, आणि तुम्ही बाहेर. वर निळं आकाश, खाली पांढरा समुद्र.

या सगळ्या जागांना जोडणारी पॅनोरामावेग नावाची वाट गावाभोवती फिरते, चाळीसएक किलोमीटरची, २००० साली ती जर्मनीतली सर्वांत सुंदर पदभ्रमण-वाट म्हणून निवडली गेली होती. एका दिवसात करायची गरज नाही. चार-पाच तुकडे करा, प्रत्येक तुकडा बसस्टॉपजवळ संपेल असा.

पाचवी पायरी: हजार मीटरवर

बाडेनर ह्योहे हे श्वार्त्सवाल्ड नॅशनल पार्कमध्ये येतं, हे पार्क १ जानेवारी २०१४ ला सुरू झालं. बी ५०० या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने बस किंवा गाडीने झांड नावाच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथून माथा, वर फ्रीडरिश्सटुर्म नावाचा ३० मीटरचा दगडी मनोरा, मग हेरेनवीस तळ्याकडे उतरायचं आणि हेरेनवीस गावावरून परत झांड. साधारण तेरा-चौदा किलोमीटर. तळं हिमयुगात हिमनदीने कोरलेल्या खोलगट भागात आहे, पाणी काळंशार, त्याच्या काठाची दलदल इतकी नाजूक असते की एका बुटाचा ठसा अनेक वर्षं राहतो. फळीवाट असेल तिथे फळीवरच.

इथे हवामान वेगळं. गावापेक्षा पाच-सहा डिग्री कमी, वारा जास्त, पाऊस भरपूर, आणि मार्चमध्येसुद्धा सावलीत कडक बर्फ असतो. गावात टीशर्टवर असलात तरी विंडचीटर, हातमोजे, कान झाकायला बफ घ्या.

वाट न सोडण्याचं कारण इथे आणखी मोठं आहे. आउअरहून नावाचा मोठा काळा रानकोंबडा, टर्कीएवढा, या रानात अजून थोडे उरलेत. हिवाळ्यात तो फरची सुईसारखी पानं खाऊन दिवस काढतो, त्यातून मिळणारी ताकद जेमतेम. आपण वाट सोडून झाडीत घुसलो की तो घाबरून उडतो, आणि त्या एका उडण्यात जे खर्च होतं ते त्याला परत मिळवता येत नाही. असं वारंवार झालं तर पक्षी मरूही शकतो. त्याला वाटेवरच्या माणसाची सवय होते, वाटेबाहेरच्या माणसाची होत नाही. सकाळी उजाडल्यानंतर निघा, अंधार व्हायच्या तासभर आधी रानाबाहेर या.

जवळच प्लेटिशला वाइल्डनेस पाथ आहे, २६ डिसेंबर १९९९ च्या लोथार वादळात आडवी झालेली झाडं तशीच ठेवून त्यांच्यावरून-खालून काढलेली. तिथे पळू नका, तो चालायचा आणि बघायचा आहे.

माणसं, सायकली, शिकार

मागून येताना पंधरा-वीस मीटरवरूनच "हालो" म्हणा, आणि पार होताना वेग कमी करा, वयस्कर लोक दचकतात. समोरून कोणी आलं तर मान हलवून "मॉर्गन". या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला परवानगी नाही, त्यामुळे रुंद जंगलरस्त्यावर मात्र उजवी बाजू धरा, कानात दोन्ही हेडफोन नकोत. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात सिगारेट ओढायला बंदी आहे.

शरद आणि हिवाळ्यात शिकारीचे दिवस असतात. वाटेवर आडवी पाटी किंवा पट्टी, त्यावर याग्ड (शिकार) किंवा लेबेन्सगेफार (जिवाला धोका) लिहिलेलं दिसलं की परत फिरायचं, आजूबाजूने जायचं नाही. लाकूडतोडीच्या पट्टीचंही तेच, रविवारी मशीन बंद असली तरी अर्धवट कापलेलं झाड उभं असू शकतं. रानडुकरीण पिल्लांसकट दिसली तर थांबा, बोलत बोलत मागे सरका, मधे येऊ नका.

पळून झाल्यावर पाणी

आता गरम पाणी. फ्लोरेंटिनरबर्ग टेकडीच्या खालून ६८ अंशांपर्यंत गरम पाणी येतं, स्नानासाठी ते गार करून वापरतात. काराकाला थेर्मे हे स्नानगृह १९८५ चं, तिथे पाण्यात पोहण्याचे कपडे घालून जातात, फक्त वरच्या सौना विभागात कपडे नसतात. फ्रीडरिशबाड १८७७ चं, घुमटाखालचं, सतरा टप्प्यांचं, तिथे परंपरेने सगळे विनाकपडे. आपल्याकडच्या माणसाला हे अवघड वाटतं, त्यात काही गैर नाही, जमत नसेल तर काराकाला निवडा.

पण पळून झाल्या झाल्या गरम पाण्यात उतरू नका. घामाने पाणी कमी झालेलं असतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं आणि भोवळ येते. आधी अर्धा तास चाला, अर्धा लिटर पाणी प्या, काहीतरी खारट खा, मगच जा. आत दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बसा.

आणि अंघोळीच्या आधी गोचीड बघा, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण हे घरी पोचल्यावरही परत करायचंय. या राज्याचा जवळजवळ सगळा भाग एफएसएमईच्या धोक्याच्या यादीत आहे, म्हणजे गोचिडीतून होणारा मेंदूज्वर. त्याची लस आहे, तीन डोस, दुसरा पहिल्यानंतर एक ते तीन महिन्यांनी, तिसरा आणखी काही महिन्यांनी, आणि इथे राहणाऱ्यांना सरकारी विमा त्याचे पैसे देतो. पहिली पायरी सुरू करतानाच हाउसआर्त्स्टला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन करा, म्हणजे वर पोचेपर्यंत दोन डोस झालेले असतील. गोचिडीतूनच होणाऱ्या बोरेलियावर, म्हणजे लाइम आजारावर, मात्र लस नाही, म्हणून शोधणं महत्त्वाचं: गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांच्या मुळाशी. खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते, मला एकदा मोज्याच्या काठाखाली मिळाली, काळा ठिपका म्हणून दोनदा नजर वरून गेली होती. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल, क्रीम काही लावायचं नाही, पिरगाळायची नाही. मग जागा जंतुनाशकाने पुसा, पेनाने भोवती गोल काढून फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा, आणि पुढचे चार-सहा आठवडे तिथे लाल चट्टा पसरत चाललाय का, ताप येतोय का ते बघा. दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, फोटो आणि तारीख घेऊन.